सगळ्यात ताकदवान गेम कॅरेक्टर कोण? आधी सांगा, त्याला पोहता येतं का?

दर्याकाठ

गणपतीला गावी आलोय, देवगड तालुक्यात. काल रात्रीची आरती आटोपली आणि लाईट गेली. पाऊस एवढा की पडवीतून समोरचा माड दिसेना. आम्ही सहा भावंडं माजघरात सतरंजीवर आडवी पडलो होतो. मोबाइलची बॅटरी जपायची म्हणून गप्पा सुरू झाल्या आणि विषय निघाला तो नेहमीचाच: गेममधलं सगळ्यात ताकदवान कॅरेक्टर कोण?

धाकटा भाऊ क्रेटॉसवाला. त्याने तिसऱ्या 'गॉड ऑफ वॉर'मधला (२०१०) क्रोनॉसचा प्रसंग उभा केला. क्रोनॉस म्हणजे ज्याच्या पाठीवर अख्खं मंदिर बांधलेलं होतं तो. तो क्रेटॉसला दोन बोटांत धरून चिरडायला बघतो आणि क्रेटॉस ती बोटं दोन्ही हातांनी फाकवतो. आतेभाऊ सॉनिकच्या बाजूने. मामेबहीण म्हणाली, हे सगळे राहू द्या, बायोनेटाने शेवटी ज्युबिलिअस देवीला थेट सूर्यात धाडलं, त्याच्या पुढे बोला.

तात्या, म्हणजे माझे धाकटे काका, कोपऱ्यात अडकित्त्याने सुपारी कातरत होते. सगळा जन्म होडीवर गेलेला माणूस. ते शांतपणे म्हणाले, "ता सगळा खरा रे. पण तुमच्या त्या क्रेटॉसाक पवूक येता काय?"

एकालाही पटकन सांगता येईना. मग रात्री एक वाजेपर्यंत आम्ही तेवढ्यावरच बोलत राहिलो. मला हा प्रश्न फार आवडलाय, म्हणून धागा काढतोय. तुमचं आवडतं कॅरेक्टर घ्या आणि सांगा, समुद्रात उतरल्यावर त्याचं काय होतं? माहिती खेळलेल्या गेममधली द्या, ऐकीव नको.

मुचकुंदी

पहिला मान टॉमी व्हर्सेटीचा. त्याचा गेम, २००२ चा 'जीटीए: व्हाइस सिटी', आमच्या पिढीने कॅफेत तासाच्या हिशोबाने खेळलाय. चारी बाजूंनी समुद्र, किनाऱ्यावर माड, सुरुवातीला तर वादळाच्या इशाऱ्यामुळे पूलसुद्धा बंद. म्हणजे अगदी आपल्याकडचं वातावरण. आणि एवढ्या शहरावर राज्य करणारा टॉमी छातीभर पाण्यात गेला की मरतो! मी बाराव्या वर्षी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. आमच्या वाडीत त्या वयाची पोरं पुलावरून खाडीत उड्या मारतात.

२००४ मध्ये त्याच मालिकेतला 'सॅन अँड्रियास' आला आणि त्याचा नायक सीजे पोहला. नुसता पोहला नाही, जितका वेळ बुडी मारून राहाल तितकी त्याच्या फुफ्फुसांची क्षमता वाढते. एका मोहिमेत तर ती पुरेशी वाढवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. माझ्या मते अंगातली ताकद दाखवण्याची ही सगळ्यात प्रामाणिक पद्धत. जिम केली की दंड भरतात, खाल्लं की पोट सुटतं, बुडी मारली की दम वाढतो. सीजेला देवाने काही दिलेलं नाही, जे आहे ते त्याने कमावलंय. त्यामुळे टॉमी विरुद्ध सीजे हा वाद किनाऱ्यापुरता तरी संपला.

सह्यकडा

विषय छान आहे, पण एक मूलभूत हरकत घेतो. टॉमी पाण्यात मरतो ते तो अशक्त आहे म्हणून नाही. बनवणाऱ्यांनी तेव्हा पोहण्याची सोय केली नव्हती, एवढंच त्याचं कारण. ती मर्यादा गेमची आहे, पात्राच्या अंगावर कशी टाकता?

तुलना करायची तर पात्राने कथेत काय करून दाखवलं ते बघावं. २०१२ च्या 'असुराज रॅथ'मधला असुर घ्या. त्याचा शत्रू वायझेन पृथ्वीहून अजस्र होतो आणि नुसतं एक बोट पृथ्वीवर टेकवायला निघतो. असुर खाली उभा राहून ते बोट मुठींनी थोपवतो. त्याचे हात फुटून जातात, पण मागे हटत नाही, आणि शेवटी फुटतो तो वायझेन. ज्याने ग्रहाएवढा शत्रू फोडला त्याला पोहता येतं का हे विचारणं म्हणजे हनुमंताला सायकल येते का असं विचारण्यासारखं आहे. क्रेटॉसही त्याच मापाने मोजा. पोसायडन, हेडीज, हर्मीस, हेलिऑस, शेवटी झ्यूस. एवढे मारल्यावर अजून कसला पुरावा हवा?

दर्याकाठ

सह्यकडा, तुमची हरकत रास्त आहे. आमचा धाकटाही हेच म्हणत होता. पण मला त्यातली एक गोष्ट पटत नाही.

२०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये क्रेटॉस म्हणजे हाच, झ्यूसला मारून आलेला. तिथे उडी मारायचं बटणच नाही. गेमने ठरवून दिलेल्या जागीच तो चढतो, नाहीतर कमरेएवढा कठडाही त्याला ओलांडता येत नाही. सगळ्यात कठीण पातळीवर खेळा, एखादा साधा ड्रॉगर, म्हणजे मेल्यावर उठून लढणारा सैनिक, दोन-तीन घावांत त्याला आडवा करतो. मग खरा क्रेटॉस कुठला? क्रोनॉसची बोटं फाकवणारा, की ड्रॉगरच्या कुऱ्हाडीने पडणारा?

तुम्ही म्हणाल पहिला. मी म्हणतो, पहिला मी पाहिला आणि दुसरा मी झालो. माझ्या हातात जो क्रेटॉस होता तो दुसरा. त्याला जिंकवताना माझे अंगठे दुखलेत, त्यामुळे त्याची ताकद मला नेमकी ठाऊक आहे.

आणि पोहण्याचं उत्तर आम्ही शोधलं. २००५ च्या पहिल्या भागात पोसायडनचं त्रिशूळ मिळाल्यावर क्रेटॉस पाण्याखाली श्वास घेऊ शकतो. म्हणजे तिथेही दम त्याचा स्वतःचा नाही, देवाकडून आलेला. २०१८ मध्ये तो सरळ होडीत बसतो आणि वल्हं मारतो. तात्यांना हे सांगितलं. होडी वल्हवतो म्हटल्यावर त्यांच्या नजरेत त्याची किंमत थोडी वाढली.

लाकडी_बाहुली

सावंतवाडीहून. आमच्याकडे लाकडी खेळण्यांची चितारआळी आहे, त्यामुळे मी लहानपणापासून मोकुजिनच्या बाजूची. 'टेकन ३' खेळलेल्यांना आठवेल. दोन हजार वर्षांच्या ओकच्या झाडातून कोरलेला सरावाचा पुतळा, ओगर हा गेममधला शेवटचा शत्रू जागा झाल्यावर जिवंत होतो. त्याला स्वतःचा एकही डाव नाही. प्रत्येक लढतीत तो दुसऱ्या कुणाची तरी शैली उचलतो. आम्ही दोघी बहिणी आठवड्यातून एकदा पार्लरमध्ये जायचो, तिथल्या मुलांना वाटायचं की या एडी घेऊन बटणं बडवणार. मी मोकुजिन घ्यायचे. त्याच्याशी जिंकायचं तर सगळ्यांचे डाव माहीत लागतात. आणि ते मला माहीत होते.

सह्यकडा दादा, कथेचाच पुरावा धरायचा तर पॉल फीनिक्सचं काय करणार? 'टेकन ३'च्या अधिकृत कथेत पॉल ओगरला हरवतो. जिंकलो असं समजून तो निघून जातो. मागे ओगर खऱ्या रूपात येतो आणि त्याला मारण्याचं श्रेय जिन ह्या दुसऱ्या लढवय्याला मिळतं. पॉल आणखी थोडा वेळ थांबला असता तर? कथा त्याला कमी लेखते, पण खेळात त्याचा एक ठोसा बसला की समोरच्याची निम्मी रेघ गायब होते. माझ्यासाठी तो जिनच्या तोडीस तोड आहे आणि राहील.

पाण्याबद्दल: मोकुजिन लाकडाचा आहे. तरंगेल.

बांदा_ते_बंदर

लाकडी_बाहुली +१. पॉलवर अन्याय झालाय हे मी शाळेपासून सांगतोय.

सुरंगीचो_वळेसर

कथा आणि खेळ यांच्या जोडीला तिसरा साक्षीदारही आहे, तो म्हणजे छापील वर्णन. आणि तो सगळ्यात बेभरवशाचा.

पोकेमॉनमध्ये मॅगकार्गो नावाची लाव्हाची गोगलगाय आहे. पोकेडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या माहितीकोशात, लिहिलंय की तिच्या अंगाचं तापमान सुमारे १०,००० अंश सेल्सिअस. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,५०० अंश. म्हणजे ही गोगलगाय सूर्याहून तापलेली, आणि दहा-बारा वर्षांची मुलं तिला घेऊन गवतातून हिंडतात! तिच्यावर पाण्याचा फवारा मारला की ती चार पट मार खाऊन पडते. नुसत्या वर्णनावर गेलो तर तिच्या आसपास काहीच उरायला नको होतं.

उलटं उदाहरण मॅजिकार्पचं. आमचं घर मासळीबाजाराला लागून, त्यामुळे हा मासा माझ्या जिव्हाळ्याचा. १९९६ च्या पहिल्या गेमपासून तो सगळ्यांच्या कुचेष्टेचा विषय. सुरुवातीला त्याला येतं काय, तर नुसतं तडफडणं, ज्याचा काही परिणामच होत नाही. पण विसाव्या पातळीपर्यंत त्याला सांभाळा, तो ग्याराडोस होतो आणि मग समोर उभं राहायची कुणाची हिंमत होत नाही. मी एक मॅजिकार्प पाचव्या पातळीपासून वाढवला होता. प्रत्येक लढतीत आधी त्याला बाहेर काढायचं, लगेच परत घ्यायचं, दुसऱ्याला लढवायचं, अनुभवाचा वाटा त्याला मिळेल एवढंच बघायचं. तो ग्याराडोस झाला त्या संध्याकाळचा आनंद मला अजून आठवतो. ताकदीच्या यादीत त्याला कुठेही ठेवा, पण ती कशी आली ते विसरू नका.

कुलाबा_किनारा

समुद्राचा विषय निघाला आणि अजून एडवर्ड केनवेचं नाव कुणी घेतलं नाही? 'असॅसिन्स क्रीड'च्या पहिल्या भागातला (२००७) अल्तायर पाण्यात पडला की संपला. दुसऱ्यात (२००९) एझिओ पोहतो. आणि २०१३ च्या 'ब्लॅक फ्लॅग'मधला एडवर्ड म्हणजे पूर्ण दर्यावर्दी. पाणबुड्यांच्या घंटेतून श्वास घेत बुडालेल्या जहाजांत शिरतो, लहान होडीतून भाल्याने शार्क आणि देवमासे मारतो, आणि त्याचं जॅकडॉ जहाज तर त्याच्या अंगाचाच भाग आहे.

मी अलिबागचा, त्यामुळे खेळताना एक विचार मनातून जाईना. एडवर्डची कथा १७१५ मध्ये सुरू होते. नेमका त्याच काळात इकडे कुलाब्याला कान्होजी आंग्रे होते. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. १७२९ मध्ये कान्होजी वारले, पण तोवर त्यांना कुणी हरवू शकलं नाही. जॅकडॉ इकडे आलं असतं तर?

हे मी गंभीरपणे मांडून पाहिलंय. जॅकडॉ ब्रिग जातीचं, दोन डोलकाठ्यांचं, मुख्य तोफा दोन्ही कुशींना. मारा करायचा तर कूस शत्रूकडे वळवावी लागते. आंग्र्यांच्या गुराबांचा तळ उथळ, आणि जड तोफा नाळेवर, म्हणजे समोर. त्या शत्रूच्या पिछाडीला लागायच्या, जिथे त्याच्या तोफा कमी, आणि आधी शिडं-दोरखंड फोडायच्या. सोबत गलबतं, सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी अडकतं, तेव्हा ही गलबतं गुराबांना दोर लावून ओढत न्यायची आणि मग माणसं चढवून जहाज ताब्यात घ्यायची.

उघड्या समुद्रात, भर वाऱ्यात, एकास एक, जॅकडॉ जिंकेल. लोखंडी पत्र्याने मढवलेली नाळ आणि उखळी तोफा एका गुराबीला झेपणार नाहीत. पण गेममध्ये वारा पडून जॅकडॉ अडकलंय असं होतच नाही, आणि आपल्या किनाऱ्याला ते रोजचं आहे. शिवाय खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली की उथळ तळाच्या गुराबी आत, आणि ब्रिग गाळावर. माझं मत स्पष्ट आहे: खांदेरीपासून विजयदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात एडवर्डने कान्होजींचा दस्तक, म्हणजे परवाना, घेऊनच जावं.

सह्यकडा

कुलाबा_किनारा, फारच सुंदर. इथे मी मागे येतो. तुम्ही जहाजाची ताकद सांगितली ती वारा, तळ, ओहोटी यांच्यासकट. मी असुराची सांगितली ती एका चित्रासारखी. त्याला वारा नाही, ओहोटी नाही. त्यामुळे ती कशाशी जोडताच येत नाही, हे आत्ता जाणवलं. तरीही असुर माझा आवडता राहणार. रागाने हात फुटेपर्यंत उभा राहतो, ते मला कधीच खोटं वाटलं नाही.

दहीकालो

ह्या वादाचं उत्तर आमच्या दशावतारात आहे असं मला मनापासून वाटतं. जत्रेत रात्रभर नाटक बघितलेल्यांनी आठवून बघा. राक्षसाचा नट आपल्याएवढाच, तलवार पत्र्याची. तरी तो पडद्यामागून किंचाळत येतो तेव्हा पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात का शिरतात? कारण समोरचा नट घाबरतो म्हणून. मृदंगावर थाप बदलते, झांज चढते, राजाचं पाऊल मागे पडतं. राक्षसाची ताकद त्या मागे पडलेल्या पावलात असते.

'एल्डन रिंग'मधला (२०२२) राडान मला त्यासाठी ग्रेट वाटतो. त्याने आकाशातले तारे रोखून धरलेत हे आपल्याला आधी नुसतं ऐकू येतं. पण मैदानात शिरलो की तो एवढ्या लांबून बाण मारतो की तो दिसायच्या आधी आपण मेलेलो असतो, आणि मदतीला एकामागून एक योद्धे हाक मारून बोलवावे लागतात. आपलं पाऊल मागे पडतं. आणि गुरुत्वाकर्षणाची विद्या तो कशासाठी शिकला? आपला लहानपणीचा किडकिडीत घोडा आपल्या वजनाने मोडू नये, त्याच्यावर बसता यावं म्हणून. पहाडाएवढा झालेला माणूस घोड्याला भार होऊ नये म्हणून एवढं शिकतो. हे कळल्यावर मी त्याला मारायला दोन दिवस गेलोच नाही.

निवतीची_रश्मी

सगळे परदेशी कॅरेक्टर चाललेत म्हणून 'राजी' आठवून देते. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये काढलेला गेम. सर्कशीत वाढलेली मुलगी, भावाला असुरांनी पळवलेलं, दुर्गेचं त्रिशूळ हातात. क्रेटॉससमोर ती टिकणार नाही हे मलाही कळतं. पण खांबाला गिरकी घेऊन त्रिशूळ फिरवते तेव्हा ती ताकद डोंबारणीच्या अंगातली वाटते, आणि ते मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

आतेभाऊ_गुहागर

मीच तो सॉनिकवाला. दर्याकाठने माझं म्हणणं अर्ध्यावर सोडलंय म्हणून स्वतः लिहितो.

१९९१ च्या पहिल्या 'सॉनिक'मध्ये पाण्याची पातळी आली की अजून माझ्या पोटात गोळा येतो. तो पोहत नाही, तळाशी चालतो. श्वास संपत आला की ते संगीत सुरू होतं, पाच-चार-तीन असे आकडे दिसतात आणि आपण मोठ्या बुडबुड्याची वाट बघत उभे. मी म्हणत होतो की सुपर सॉनिकला हे लागू नाही. दुसऱ्या भागात (१९९२) सात एमराल्ड आणि पन्नास रिंगा जमवल्या की तो सोनेरी होतो, शत्रूचा कुठलाही वार लागत नाही, सेकंदाला एक रिंग खर्च होत राहते.

लाईट आल्यावर खात्री करायला खेळून पाहिलं. सुपर सॉनिकसुद्धा बुडतो. सोनेरी असतानाच. मी तीनदा केलं.

मी माझा दावा मागे घेतो. मात्र सोबत एक नाव सुचवतो: 'काँट्रा'चा बिल. कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर सगळ्यांनी खेळलाय. एक गोळी लागली की मरतो, ह्या यादीत त्याच्याइतका कच्चा कुणी नाही. पण पहिल्या पातळीवर पाण्यात उतरून खालचं बटण दाबा, तो बुडी मारतो आणि वरून गोळ्या निघून जातात. त्या एका ठिकाणी तो सुपर सॉनिकपेक्षा सुरक्षित आहे.

दर्याकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री हे प्रतिसाद तात्यांना वाचून दाखवले. गुराब आणि गलबताचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. गाळावर रुतलेल्या ब्रिगवर मान हलवली.

मग मी त्यांना 'शॅडो ऑफ द कोलोसस' दाखवला. २००५ चा गेम. त्यातला वाँडर कुठल्याच यादीत येत नाही. साधा पोरगा, तलवार उगारताना स्वतःच अडखळतो. सोळा अजस्र प्राणी मारायचे आणि त्याच्याकडे आहे काय, तर हाताची पकड. कोपऱ्यात एक वर्तुळ असतं, धरून राहिलं की ते आक्रसत जातं, आणि संपलं की हात सुटतो.

सातवा प्राणी तळ्यात असतो, अवाढव्य वामेसारखा, पाठीवर विजेचे काटे. वाँडर पोहत पोहत तळ्याच्या मधोमध जातो आणि ती वर आली की शेपटीकडून तिला धरतो. ती त्याला घेऊन खोल बुडी मारते. वर्तुळ लहान होत जातं. तो सोडत नाही. ती वर आली की दोन पावलं पुढे, पुढच्या काट्यापर्यंत, पुन्हा धरायचं, पुन्हा बुडी.

तात्या सुपारी हातात तशीच धरून बघत होते. तरुणपणी त्यांनी रापण ओढलेली आहे, दोराने त्यांच्या तळव्यांना पडलेले घट्टे अजून आहेत. तिसऱ्यांदा ती खाली गेली तेव्हा ते पुटपुटले, "सोडू नको रे, सोडू नको."

मेली ती. मी म्हटलं, तात्या, ह्याच्यात क्रेटॉसच्या शंभराव्या हिश्शाचीही ताकद नाही.

"नसांदे," ते म्हणाले. "ह्येका मी माझ्या होडयेर घेईन. परत लाव बघया ता, सुरवातीपासून."